सतरा नंबरची बाटली

नेत्रविभागात माझं नेमकं काम काय, हे मला कधीच कोणाला धड सांगता आलं नाही. लग्नाकार्यात कोणी विचारलं की मी घसा साफ करून म्हणायचो, क्लिनिकल रिसर्चची टीम सांभाळतो. समोरचा आदराने मान डोलवायचा आणि लगेच आपला चष्मा काढून माझ्या हातात ठेवायचा, नंबर वाढलाय का बघा म्हणून. मला चष्म्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी मूळचा साताऱ्याकडचा, बी.फार्म. झालेला, अंधेरीच्या एका औषध कंपनीत सहा वर्षं फायलींवर क्रमांक घालून कंटाळलेला माणूस. वसईत फ्लॅट घेतल्यावर घरापासून स्कूटरने दहा मिनिटांवर असलेल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात ही जागा निघाली. मुलाखतीत मी 'प्रोटोकॉल' हा शब्द अकरा वेळा तरी वापरला असेन. जागा मला मिळाली. दुसरा उमेदवार आलाच नव्हता, हे मला वर्षभराने कळलं.

नवं शतक नुकतंच लागलं होतं आणि त्या हॉस्पिटलात त्याआधी असलं संशोधन कोणी केलं नव्हतं. आमचा अभ्यास काचबिंदूच्या थेंबांचा होता. काचबिंदूत डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर हळूहळू मिटत जाते. दुखत नाही, खुपत नाही, आणि गेलेली नजर कुठल्याही औषधाने परत येत नाही. दाब कमी ठेवून उरलेली नजर सांभाळायची, एवढंच डॉक्टरांच्या हातात असतं. एक जुनं औषध आणि एक नवं, दोन्ही सारख्याच पांढऱ्या बाटल्यांत भरलेली. कोणाला कुठलं मिळालंय ते रुग्णालाही माहीत नाही आणि आम्हालाही नाही. रुग्णाने सकाळ-संध्याकाळ एकेक थेंब घालायचा, महिन्याने येऊन दाब मोजून घ्यायचा, जुनी बाटली परत करायची आणि नवी न्यायची.

टीम म्हणजे मी धरून तिघं. एक सिस्टर, पन्नाशीच्या, भुईगावच्या, चर्चमधली सकाळची मिस्सा चुकवून कधी ड्युटीवर न आलेल्या. दुसरी विरारची ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नजर आणि दाब तपासणारी बावीस वर्षांची मुलगी, जी वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत संपवायची. आमच्या डोक्यावर विभागप्रमुख डॉक्टर मॅडम, ज्यांना ओपीडीतून मान वर करायला फुरसत नसायची. आम्हाला मिळालेली खोली पूर्वी चादरी ठेवायची होती. मी तिच्या दारावर 'संशोधन कक्ष' अशी पाटी लावली. धोबी पुढचे तीन महिने चादरी तिथेच आणून टाकत होता.

आणि मी टाय लावायचो. वसईच्या मे महिन्यात, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला असताना. पहिल्याच दिवशी मॅडमच्या मदतनीस बाईंनी मला औषध कंपनीचा विक्रेता समजून तासभर बाहेर बसवून ठेवलं होतं. त्यावरून तरी शहाणं व्हायचं, पण नाही. मी दुसऱ्या दिवशी अधिक गडद रंगाचा टाय लावून गेलो.

पहिला दणका अर्नाळ्याहून आला. तिथल्या एका आजोबांनी महिन्याची बाटली आठव्या दिवशी रिकामी करून परत आणली आणि दुसरी मागितली. चौकशी केली तेव्हा कळलं, की थेंब त्यांनी एकट्याने घातलेच नव्हते. सुनेला घातले, व्याह्यांना घातले, शेजारी एकाचे डोळे आले होते त्यालाही घातले. एवढं चांगलं औषध घरात असताना एकट्याने घालून बसायला त्यांना कसंसंच वाटलं. सिस्टरना हसू आवरेना. मला मात्र दरदरून घाम फुटला, कारण हे सगळं इंग्रजीत कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला सुचत नव्हतं.

मग मी नियम केले. पहिला, औषधाला रुग्णाशिवाय दुसऱ्या कोणाचाही हात लागता कामा नये. दुसरा, परत आलेली प्रत्येक बाटली तोलून घ्यायची. त्यासाठी मी सोनाराकडे असतो तसला काटा मागवला. भिंतीवर मोठा तक्ता लावला. ज्याच्या बाटलीत बरोबर हवं तेवढंच औषध उरलं असेल त्याच्या नंबरापुढे हिरवी टिकली, नसेल तर लाल. दर महिन्याला रुग्णांना बाकावर बसवून मी छोटंसं भाषण करायचो. बाटली खिडकीतल्या उजेडात धरून दाखवायचो, की हे बघा, महिन्याने इथपर्यंत उरलं पाहिजे. जास्त उरलं तर नाव कापलं जाईल, आणि माझे कागद बिघडतील ते वेगळंच. शेवटचं वाक्य मी विनोद म्हणून टाकलं होतं. कोणी हसायचं नाही. मला वाटायचं, शिस्त लागली.

सिस्टरना माझ्या कामात मध्येच काहीतरी सांगायची सवय होती. हा रुग्ण असा का बसलाय, त्या बाईंच्या घरी कोण असतं, असलं काहीबाही. दोन दिवसांच्या एका व्यवस्थापन शिबिरात मी नुकताच शिकून आलो होतो, की चांगला प्रमुख सगळा संवाद लेखी ठेवतो. म्हणून मी एक 'निरीक्षण वही' केली. ज्याला जे सांगायचं त्याने तिथे लिहायचं, मी दर शनिवारी प्रत्येक पानावर सही करणार. सिस्टर एकदा म्हणाल्या, "सर, जरा ऐकता का?" मी पेन पुढे केलं. त्यांनी ते घेतलं आणि त्यानंतर तोंडी काही सांगितलं नाही. हा माझा मोठाच विजय आहे असं मी त्या दिवशी घरी बायकोला सांगितलं.

सतरा नंबर म्हणजे पाचूबंदरच्या एक आजी. सत्तरीच्या कोळीण. डावा डोळा काचबिंदूने आधीच पूर्ण गेलेला, त्यामुळे जे काही होतं ते उजव्यावर. त्या एका डोळ्यावर त्या अजूनही सकाळी दोन तास बाजारात टोपली घेऊन बसायच्या. मुलगा बोटीवर, सून लिलावातून मासळी उचलून विकायला जाणारी. उजव्या डोळ्याचं काही बरंवाईट झालं तर आजींना हात धरून फिरवायला दिवसा घरी कोणी नव्हतं. म्हणूनच मॅडमनी त्यांना आमच्याकडे पाठवलं होतं, महिन्याच्या महिन्याला तपासणी तरी होईल म्हणून.

आणि काय सांगू, आजी माझा अभिमान होत्या. तक्त्यावर त्यांची ओळ सलग हिरवी. काट्यावर बाटली ठेवली की मी विरारच्या मुलीला, तिने आकडा वाचायच्या आधीच सांगायचो, बरोबर असणार. इतर रुग्णांना मी बोटाने ती ओळ दाखवायचो. अभ्यासाचा खर्च करणाऱ्या औषध कंपनीचा तपासनीस आला तेव्हा त्यालाही दाखवली आणि त्याने डायरीत काहीतरी लिहून घेतलं. पहिल्या महिन्यात आजी माझ्यापुढे हात करून काहीतरी सांगायला लागल्या होत्या. मी म्हणालो, आजी, प्रश्न शेवटी. शेवटी मला फॅक्स पाठवायचा होता. फॉर्मवर 'थेंब घालताना काही अडचण?' असा एक रकाना होता. वेळ वाचावा म्हणून मी सगळ्यांच्या फॉर्मवर तिथे आधीच 'नाही' लिहून ठेवत असे. माझं अक्षर सुरेख आहे.

पाचव्या महिन्यात मॅडमनी मला बोलावलं. आजींच्या डोळ्यातला दाब उतरायचं नाव घेत नव्हता, उलट चढत होता. मॅडमनी एकच विचारलं, या बाई थेंब नीट घालतात ना? मी छाती फुगवून म्हणालो, "मॅडम, सगळ्यांत नीट. माझा सतरा नंबर आहे तो." त्यांनी मान हलवली. मग औषधच लागू पडत नाही म्हणायचं, त्या म्हणाल्या, म्हणजे ऑपरेशनला पर्याय नाही. एकुलत्या एका डोळ्याचं ऑपरेशन करायला त्यांचं मन धजत नव्हतं, कारण बिघडलं तर आजींकडे दुसरं काहीच उरत नव्हतं. तरी त्यांनी पंधरा दिवसांनंतरची तारीख धरली. मला आजींचं वाईट वाटलं. इतकी गुणी रुग्ण आणि औषधाने असा दगा द्यावा.

त्याच आठवड्यात आजींची महिन्याची भेट होती. ती एक दिवस पुढे ढकलायची होती आणि आजींच्या शेजारच्या दुकानातला फोन लागत नव्हता. म्हणून आदल्या दिवशी दुपारी मी स्वतःच निघालो. सिस्टर म्हणाल्या, मीही येते. स्कूटरवर मागे त्या, पुढे मी आणि वाऱ्याने माझ्याच तोंडावर फडफडणारा माझा टाय, अशी आमची वरात पाचूबंदरला पोचली. बांबूंवर बोंबील वाळत होते. दोन बायका आमच्याकडे बघून काहीतरी बोलल्या आणि हसल्या. सिस्टरना ते कळलं असावं, कारण त्याही हसल्या.

आजी दाराच्या पायरीवर बसल्या होत्या. हातात आमची बाटली. ती त्यांनी तोंड खाली करून दगडी पायरीच्या कडेवर टेकवली होती आणि तळहाताचा सगळा भार देऊन दाबत होत्या. थेंब वाळूत पडत होते. थोड्या वेळाने त्यांनी बाटली उचलून उन्हात धरली, एक डोळा बारीक करून पाहिलं आणि पुन्हा पायरीला टेकवली. उन्हात बाटली धरायची ती पद्धत माझी होती. हुबेहूब.

मी समोर जाऊन उभा राहिलो. आजी दचकल्या नाहीत. बस म्हणाल्या. मी काय चाललंय ते विचारलं तेव्हा त्यांनी बाटली मांडीवर ठेवून दोन्ही हात माझ्यापुढे धरले. पन्नास वर्षं बर्फात आणि मिठाच्या पाण्यात घातलेली बोटं, सगळी आत वळलेली, सांधे सुजलेले. हे हात पाच महिने दर भेटीला माझ्या टेबलावर होते. मी त्यांचे अंगठे घेतले होते कागदांवर.

"हात वर जात नाय, बाला," त्या म्हणाल्या. "गेला तर बोट दाबत नाय. पडला तर गालावर पडतो, नाकावर पडतो. डोल्यात एक नाय."

मी विचारलं, सुनेला का नाही सांगितलंत घालायला?

"ती घालत होती की पयल्या दिशी. मग तूच बोललास, दुसऱ्याचा हात नाय लागला पायजे. मीच तिला नको बोलली."

मग ओतता कशाला, हे मी विचारलं तेव्हा माझा आवाज चढला होता. रागावलो होतो मी, कोणावर ते मला तेव्हा कळलं नाही. आजींनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं.

"भरलेली आनली तर तुझे कागद बिघडतील बोललास ना. तुला पन पोरं-बालं हाईत."

सिस्टर मागे उभ्या होत्या. त्यांनी बाटली उचलली, रुमालाने पुसली आणि पर्समध्ये ठेवली. परत येताना स्कूटरवर मी त्यांना एकदाच विचारलं, तुम्हाला माहीत होतं का? त्या म्हणाल्या, ओतत असतील हे नाही, पण हातांचं मी सांगितलं होतं तुम्हाला, सर. वहीत आहे.

वही मी उघडली. दुसऱ्या महिन्यात, सिस्टरच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: 'रुग्ण १७. बोटं वाकडी आहेत. बाटली दाबता येणार नाही. थेंब कोण घालतं ते विचारावे.' चौथ्या महिन्यात पुन्हा, खाली रेघ मारून. दोन्ही पानांवर माझी झोकदार सही होती आणि शनिवारची तारीख.

मॅडमच्या खोलीत जाताना मी बाहेरच्या बाकावर जरा बसलो. खोटं नाही सांगत, काही न बोलता निभावून नेता येईल का याचा मी विचार केला. अभ्यास संपायला दोनच महिने उरले होते. पण ऑपरेशनची तारीख मॅडमच्या डायरीत लिहिलेली होती आणि ती माझ्या शब्दावर ठरली होती. मी आत गेलो आणि सांगितलं, की औषध लागू पडत नाही असं नाही, औषध डोळ्यात गेलेलंच नाही. मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"तुमच्या तक्त्याच्या भरवशावर मी त्या बाईंच्या एकुलत्या डोळ्याला सुरी लावणार होते," त्या म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

तक्ता मी त्याच दिवशी काढला. बाकीच्या रुग्णांना खरं काय ते विचारायचं ठरलं, तेव्हा सिस्टरनी सुचवलं की विचारणार त्या आणि मी खोलीबाहेर थांबायचं. मी चादरींच्या गाठोड्यावर बसून राहिलो. आतून हसण्याचे आवाज येत होते. एकाने औषध केळीला घातलं होतं, एकीने तुळशीला, एकाने सरळ समुद्रात. हिरव्या टिकल्यांपैकी खऱ्या किती होत्या ते मी इथे सांगत नाही, मलाही थोडी लाज आहे. ते सगळं मी कंपनीला लिहून कळवलं. कंपनीने आमच्या प्रामाणिकपणाचं कौतुक करणारं पत्र पाठवलं आणि पुढचा अभ्यास दुसऱ्या हॉस्पिटलला दिला.

आजी अभ्यासातून बाहेर पडल्या आणि मॅडमनी त्यांना ओपीडीतून साधे थेंब सुरू केले. ऑपरेशन तूर्त थांबवलं. सकाळचा थेंब सून लिलावाला जाण्याआधी घालणार होती. संध्याकाळी ती बाजारात असायची. संध्याकाळचं तुम्ही बघा, सर, असं सिस्टर मला म्हणाल्या, आणि ते विचारणं नव्हतं. पहिल्या दिवशी माझा पहिला थेंब आजींच्या कपाळावर पडला, दुसरा कानाजवळ. पाच महिने मी हे काम कसं करायचं यावर भाषणं दिली होती.

"तुला पन नाय जमत की," आजी म्हणाल्या आणि हसत सुटल्या.

मग जमायला लागलं. आजींनी मान मागे टाकायची, मी खालची पापणी ओढायची, बाटली न थरथरता धरायची. टाय मध्ये लोंबायचा म्हणून मी तो लावायचा सोडला. पुढच्या तपासणीत दाब उतरला, त्याच्या पुढच्या तपासणीत आणखी. मुलीने आकडा मोठ्याने वाचला आणि मला टाळी दिली, दुसऱ्या कुठल्या प्रमुखाला तिने अशी टाळी दिली नसती. ऑपरेशन रद्द झालं. मला वाटलं, सुटलो.

मग मॅडमनी आजींची फील्ड टेस्ट करायला सांगितली. एका मोठ्या पांढऱ्या वाटीसारख्या यंत्रात बघत बसायचं आणि कुठेही उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. जिथले ठिपके दिसत नाहीत तो भाग कागदावर काळा येतो. आजींना बटण दाबता येईना, म्हणून दिसलं की त्यांनी 'हां' म्हणायचं आणि मुलीने बटण दाबायचं असं ठरलं. मी दाराबाहेर उभा होतो. बराच वेळ 'हां' ऐकू येत नव्हतं.

कागद मी पाहिला. अभ्यास सुरू होतानाचा आजींचा जुना कागद माझ्याच फाइलमध्ये होता, जवळजवळ स्वच्छ. नव्या कागदाचा खालचा अर्धा भाग काळा होता. समोर बघताना आजींना आता समोरचं आणि वरचं दिसणार होतं, पायाजवळचं नाही. टोपलीतली मासळी नाही. हे त्या पाच महिन्यांत गेलेलं होतं आणि ते परत येणार नव्हतं.

मॅडम आजींना ते समजावून सांगायला आत गेल्या तेव्हा मी गेलो नाही. मी फाइल शोधायचं सोंग करत चादरींच्या कपाटापाशी उभा राहिलो. मॅडम बाहेर पडून ओपीडीकडे गेल्यावर मी आत शिरलो. दार आजींच्या डाव्या बाजूला होतं, गेलेल्या डोळ्याच्या. त्या बाकावर बसून समोर उभ्या असलेल्या सिस्टरकडे बघत होत्या. त्यांची कापडी पिशवी बाकाखाली कलंडली होती आणि आतलं सामान फरशीवर पसरलं होतं. मी गुडघे टेकून ते गोळा करायला लागलो. पानाचा डबा, घराची किल्ली, थेंबांची बाटली.

आजी सिस्टरना हळू आवाजात म्हणाल्या, "त्या कागदवाल्या बाबाला नको सांगू किती गेला त्यो. जिवाला लावून घेल."

सिस्टरनी खाली माझ्याकडे पाहिलं. मी आजींच्या पायाशी बसलो होतो, त्यांच्या पावलांपासून वीतभर अंतरावर.